एकोणिसावा चौकोन

मेधिनी वेर्णेकर आली तेव्हा यार्डात
मी होतो, एक कुत्रं होतं
आणि रॅम्पवर अर्धी कापलेली बार्ज,
नाव गंजात गेलेली.
तिनं खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली,
जमिनीचे चौसष्ट चौकोन पाडले.
प्रत्येकातून ओंजळभर माती,
प्रत्येक ओंजळीला पिशवी, पिशवीवर आकडा.
हात धुवा हं शाणूमामा, म्हणाली,
तीस वर्षं उशिरा.

मी रंगारी.
बार्ज पाण्याबाहेर आली की आधी वाळूचा फवारा,
मग पहिला हात शेंदरी.
नखांत, पापण्यांवर, दुपारच्या पेजेत तो रंग.
पेज गोडसर लागायची.
इनास कुलासो म्हणायचा, तुझा मारुती झाला रे!
आणि आम्ही हसायचो, तोंड उघडं टाकून.
मेधिनी म्हणाली, शेंदूर म्हणजे शिसंच, मामा.
देवाला चालतं. देव श्वास घेत नाही.

इनासच्या नातवाच्या रक्तात ते सापडलं.
पोयेतले खुबे खाऊन की अंगणात रांगून
कोण सांगणार.

अहवाल आला. नकाशावर
लाल, पिवळे, हिरवे चौकोन.
एकोणीस हिरवा.
त्या रात्री मला झोप नाही.

एकोणिसात पिंपं आहेत. अकरा.
पावसाच्या तोंडावर मुकादम म्हणाला, आजच्या आज,
आणि आम्ही चौघांनी खड्डा केला,
पिंपं लोटली, वर चिरेखणीची तांबडी माती ओढली.
माणशी पन्नास रुपये, चौघांत एक बाटली फेणी.
मुकादम गेला, यार्ड बंद झालं,
तिघे एकामागून एक गेले.
उरलो मी, आणि ती माती, गप्प.

सकाळी जाऊन त्या चौकोनात उभा राहिलो.
इथं खणा.
मशीन हिरवं दाखवतंय, मामा.
त्या रात्री मशीन नव्हतं. मी होतो.

चौथ्या बकेटीला वास आला.
मग पिंपाची कड, कुजक्या दातासारखी.
मेधिनी काही बोलली नाही.
लाल पेन्सिल काढून चौकोन रंगवला
आणि विचारलं, आणखी कुठं?
शिवी दिली असती तर हलकं वाटलं असतं.

आणखी दोन ठिकाणं होती. सांगितली.

टिप्पर ताडपत्री बांधून माती नेत राहिले, गणपती ते दिवाळी.
उरलेल्या भागात वाळा लावला.
त्याच्या मुळ्या माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात,
शिसं धरून ठेवतात.
मी पाणी घालतो, रोज.
पाटी लिहिली आहे माझ्या अक्षरात:
ह्या वाळ्याचे पडदे करू नयेत. माठात घालू नये.
वास मात्र फुकट आहे,
जुवारीवरून वारा आला की वाड्यापर्यंत जातो.

ग्रामसभेत भांडण चालू आहे.
पोरांना फुटबॉल पाहिजे,
पंचाला पार्किंग, म्हणे पर्यटक येतील.
रुझारिना उठली आणि म्हणाली,
आधी खाजनाची वाट मोकळी करा,
मानशीचं दार कुणी बघितलंय का एवढ्यात?
मी मागे बसलो होतो. मला मत विचारू नये असं वाटत होतं.
कुणी विचारलंही नाही.

पौषातल्या अवसेला आम्ही चिखलाची मगर घालतो,
खाजनाच्या राखणीला.
पाठीवर शिंपल्यांचे खवले,
जबड्यात काटक्यांचे दात.
यार्ड आल्यापासून चिखल पलीकडच्या गावातून येतो,
होडीनं, उसना.
यंदा पोरं मला विचारायला आली:
आजोबा, आपल्याच चिखलाची करूया?

मेधिनीला फोन लावला.
ती आकडे बघत होती, कागद वाजत होते.
काठाजवळचा चालेल बहुतेक, म्हणाली,
पण अजून एक पाऊस थांबा.

पोरांना सांगितलं, थांबायचं.
मग होडी सोडली, पाट्या घेतल्या
आणि उसना चिखल आणायला
मीच गेलो वल्ही मारत.